क्रमदर्शक प्रदत्तांची गटांमधील तुलना : संख्याशास्त्रीय चाचणीच्या निवडीचा विचार

सारांश
महाविद्यालयीन संशोधनातील बहुतांश प्रश्नावल्या 'पूर्ण असहमत ते पूर्ण सहमत' अशा चढत्या पर्यायांवर आधारलेल्या असतात. या पर्यायांतून मिळणारे प्रदत्त क्रमदर्शक असतात. त्यांची दोन वा अधिक गटांत तुलना करताना काय-वर्ग, टी-चाचणी, मान-व्हिटनी, क्रुस्कल-वॉलिस यांपैकी कोणती चाचणी वापरावी, याचा निर्णय पुष्कळदा सवयीने घेतला जातो. प्रस्तुत लेखात एकाच काल्पनिक प्रदत्तसंचावर निरनिराळ्या चाचण्या वापरून त्यांची उत्तरे वेगळी का येतात हे स्पष्ट केले आहे. मापनश्रेणी, अभ्यासाची रचना आणि संशोधकाचा प्रश्न या तीन बाबींवरून चाचणी कशी निवडावी, याचे विवेचन त्या आधारे केले आहे.

बीजशब्द : क्रमदर्शक प्रदत्त, अप्राचल चाचण्या, मान-व्हिटनी यू चाचणी, काय-वर्ग चाचणी, पदनिश्चयन श्रेणी.

१. प्रस्तावना

शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, ग्रंथालयशास्त्र, गृहविज्ञान अशा अनेक विद्याशाखांत प्रश्नावली हे माहिती संकलनाचे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. प्रश्नावलीतील उत्तरांना १ ते ५ असे अंक दिले जातात, ते अंक संगणकात भरले जातात आणि त्यानंतर विश्लेषणास प्रारंभ होतो. या टप्प्यावर संशोधकापुढे तीन वाटा असतात. काहीजण सरासरी काढून टी-चाचणी वापरतात, काहीजण पर्यायनिहाय टक्केवारी देऊन काय-वर्ग चाचणी लावतात, तर काहीजण अप्राचल चाचण्यांकडे वळतात. यांपैकी कोणती वाट का स्वीकारली, याचे स्पष्टीकरण मात्र शोधनिबंधांत अभावानेच आढळते.

हा प्रश्न केवळ तांत्रिक शिस्तीचा नाही. चाचणीच्या उत्तरावर निर्णय अवलंबून असतात. एखादा उपक्रम पुढे चालू ठेवावा की बंद करावा, एका अध्यापन पद्धतीला दुसरीपेक्षा प्राधान्य द्यावे की नाही, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात खरोखर फरक आहे की तो योगायोग आहे, हे सर्व या उत्तरावरून ठरते. चाचणी चुकली तर उपयुक्त उपक्रम 'फरक आढळला नाही' या एका वाक्याने गुंडाळला जाऊ शकतो. म्हणूनच चाचणीच्या निवडीमागील तर्क समजून घेणे आवश्यक ठरते.

२. क्रमदर्शक प्रदत्त म्हणजे काय?

मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात मापनाच्या चार श्रेणी मांडल्या : नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक आणि गुणोत्तरदर्शक. विद्यार्थ्याची विद्याशाखा हे नामदर्शक प्रदत्त होय. तेथे कला, वाणिज्य, विज्ञान यांत उच्च-नीच क्रम नाही. समाधानाची पातळी हे क्रमदर्शक प्रदत्त होय. तेथे क्रम निश्चित आहे, परंतु दोन लगतच्या पायऱ्यांमधील अंतर समान आहे असे म्हणता येत नाही. तापमानाचे अंश सेल्सिअस हे अंतरदर्शक, तर वजन, उंची, उत्पन्न ही गुणोत्तरदर्शक प्रदत्ते होत.

क्रमदर्शक श्रेणीतील अंतरे असमान कशी असतात, याचे उत्तम उदाहरण प्राध्यापकांच्या परिचयाचे आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने २०१७ च्या सुधारित आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला. त्या प्रश्नावलीतील पहिला प्रश्न वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला, असा आहे. त्याच्या उत्तरांना ४ ते ० असे अंक आहेत. ८५ ते १०० टक्के यास ४, ७० ते ८४ यास ३, ५५ ते ६९ यास २, ३० ते ५४ यास १ आणि ३० टक्क्यांहून कमी यास ०. वरच्या तीन पायऱ्या सुमारे १५ टक्क्यांच्या, त्याखालची पायरी २५ टक्क्यांची आणि सर्वांत खालची ३० टक्क्यांची आहे. अंक मात्र प्रत्येक ठिकाणी एकानेच वाढतो. येथे पायऱ्यांची रुंदी निदान डोळ्यांना दिसते. 'असहमत' आणि 'तटस्थ' यांमधील अंतर किती, हे तर मोजण्याची सोयच नाही.

दुसरे उदाहरण 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून प्रसिद्ध होत आलेल्या 'असर' अहवालाचे घेता येईल. त्यातील वाचन चाचणीत मुलांची नोंद प्रारंभिक, अक्षर, शब्द, इयत्ता पहिलीच्या स्तराचा परिच्छेद आणि इयत्ता दुसरीच्या स्तराची गोष्ट अशा पाच पातळ्यांवर होते. गोष्ट वाचणारे मूल शब्द वाचणाऱ्या मुलाच्या पुढे आहे हे निर्विवाद आहे, पण ते 'दोन एककांनी' पुढे आहे या विधानाला अर्थ नाही.

३. अंकांची सरासरी आणि तिच्या मर्यादा

वरील वाचन पातळ्यांचा आधार घेऊन एक काल्पनिक स्थिती पाहू. 'क' गटातील दहाही मुले शब्द पातळीवर आहेत. 'ख' गटातील पाच मुले प्रारंभिक पातळीवर आणि पाच मुले गोष्ट पातळीवर आहेत. पातळ्यांना १, २, ३, ४, ५ असे अंक दिल्यास दोन्ही गटांचे मध्यमान ३ येते. आता गोष्ट वाचणे ही मोठी झेप आहे असे मानून १, २, ३, ५, ८ असे अंक दिले, तर 'क' गटाचे मध्यमान ३ आणि 'ख' गटाचे ४.५ होते. उलट, अक्षरओळख होणे हीच मोठी झेप आहे असे मानून १, ४, ६, ७, ८ असे अंक दिले, तर 'क' गटाचे मध्यमान ६ आणि 'ख' गटाचे ४.५ होते.

तिन्ही वेळा मुले तीच, पातळ्यांचा क्रमही तोच. बदलले ते केवळ संशोधकाने दिलेले अंक. तरीही एकदा दोन्ही गट समान ठरले, एकदा 'ख' पुढे गेला आणि एकदा 'क'. क्रमदर्शक प्रदत्तांच्या सरासरीविषयी जी सावधगिरी बाळगली जाते तिचे मूळ येथे आहे. ज्या निष्कर्षाचे अस्तित्व अंक देण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, तो निष्कर्ष प्रदत्तांचा आहे की संशोधकाच्या गृहीतकाचा, हे सांगता येत नाही. याउलट क्रमांकांवर आधारलेल्या चाचण्यांचे उत्तर, क्रम कायम आहे तोवर, अंक कोणतेही दिले तरी बदलत नाही.

४. एक प्रदत्तसंच, तीन उत्तरे

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका महाविद्यालयाने प्रथम वर्षाच्या ८० विद्यार्थ्यांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. पहिल्या गटातील ४० विद्यार्थ्यांना ग्रंथालय वापराची छापील माहितीपुस्तिका दिली. दुसऱ्या गटातील ४० विद्यार्थ्यांना प्रत्येकी स्वतंत्रपणे तालिकेवरून पुस्तक शोधण्याचा प्रत्यक्ष सराव दिला. त्यानंतर दोन्ही गटांना एकच प्रश्न विचारला : 'हवे असलेले पुस्तक स्वतः शोधता येईल असे आपणास कितपत वाटते?' मिळालेली उत्तरे पुढीलप्रमाणे आहेत.

तक्ता क्र. १ : गटनिहाय प्रतिसाद

| प्रतिसाद | पुस्तिका गट | सराव गट | एकूण |
|---|---|---|---|
| १. मुळीच नाही | ७ | ३ | १० |
| २. थोडेसे | १० | ६ | १६ |
| ३. बऱ्यापैकी | ११ | १२ | २३ |
| ४. चांगल्या प्रकारे | ८ | १० | १८ |
| ५. पूर्णपणे | ४ | ९ | १३ |
| एकूण | ४० | ४० | ८० |

(अ) मध्यकांची तुलना : पुस्तिका गटातील विसावे व एकविसावे उत्तर 'बऱ्यापैकी' या पायरीवर येते. सराव गटातही विसावे व एकविसावे उत्तर त्याच पायरीवर येते. म्हणजे दोन्ही गटांचा मध्यक ३ आहे. केवळ मध्यक पाहणारा संशोधक 'फरक नाही' असे म्हणेल.

(आ) काय-वर्ग चाचणी : दोन्ही गटांची संख्या समान असल्याने प्रत्येक पायरीची अपेक्षित वारंवारता एकूण संख्येच्या निम्मी येते. त्यावरून काय-वर्गाचे मूल्य ४.७९ येते. स्वाधीनता मात्रा ४ असताना ०.०५ सार्थकता पातळीवर आवश्यक मूल्य ९.४९ आहे. पी-मूल्य सुमारे ०.३१ येते. येथेही शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

(इ) मान-व्हिटनी यू चाचणी : या चाचणीत सर्व ८० उत्तरे चढत्या क्रमाने लावून त्यांना क्रमांक दिले जातात. एकाच पायरीवरील उत्तरांना त्यांच्या क्रमांकांची सरासरी दिली जाते. पहिल्या पायरीवरील १० उत्तरांना १ ते १० या क्रमांकांची सरासरी ५.५ मिळते. त्यापुढील पायऱ्यांना अनुक्रमे १८.५, ३८, ५८.५ व ७४ हे सरासरी क्रमांक मिळतात. पुस्तिका गटाच्या क्रमांकांची बेरीज १४०५.५ आणि सराव गटाची १८३४.५ येते. दोहोंची एकूण ३२४० ही १ ते ८० या संख्यांच्या बेरजेइतकीच असल्याने आकडेमोड तपासली जाते. गटसंख्या ४० असल्याने प्रत्येक बेरजेतून ८२० वजा केले असता यू-ची मूल्ये ५८५.५ आणि १०१४.५ मिळतात. दोन गटांत फरक नसता तर दोन्ही मूल्ये ८०० च्या आसपास आली असती. समान क्रमांकांसाठी दुरुस्ती केल्यावर प्रमाण विचलन १०१.३३ येते. त्यावरून झेड-मूल्य २.१२ आणि दोन्ही बाजूंचे पी-मूल्य सुमारे ०.०३४ येते. ०.०५ सार्थकता पातळीवर शून्य परिकल्पना नाकारली जाते.

एकाच तक्त्यावरून दोन पद्धतींनी 'फरक नाही' आणि तिसरीने 'फरक आहे' असे उत्तर मिळाले. ग्रंथालयाचा सराव सर्व विद्यार्थ्यांसाठी सुरू करावा की नाही, हा निर्णय या निवडीवर अवलंबून आहे. संशोधकाने तिन्ही चाचण्या करून सोयीचे उत्तर निवडणे हा अर्थातच त्यावरील उपाय नव्हे. प्रत्येक चाचणी नेमके काय विचारते हे आधी समजून घेऊन संकलनापूर्वीच ती निश्चित करणे, हा उपाय होय.

५. उत्तरे वेगळी का येतात?

काय-वर्ग चाचणीच्या दृष्टीने 'मुळीच नाही' आणि 'पूर्णपणे' ही केवळ दोन निराळी नावे आहेत. तक्ता क्र. १ मधील ओळींची अदलाबदल केली, 'पूर्णपणे' ही ओळ मध्यभागी नेली, तरी काय-वर्गाचे मूल्य ४.७९ च राहील. सराव गटात खालच्या दोन पायऱ्यांवर संख्या कमी आणि वरच्या दोन पायऱ्यांवर जास्त आहे, ही सलग दिशा त्या चाचणीस दिसतच नाही. प्रत्येक पायरीवरील फरक लहान आहे आणि चार स्वाधीनता मात्रांत तो विखुरला जातो. म्हणून क्रमदर्शक प्रदत्तांवर काय-वर्ग वापरणे हे चुकीचे गणित नसले, तरी हाती असलेल्या माहितीपैकी क्रमाचा भाग टाकून देणे आहे.

मान-व्हिटनी चाचणी हीच दिशा मोजते. तिचा अर्थ क्रमांकांच्या बेरजेपेक्षा जोड्यांच्या भाषेत अधिक सुलभपणे सांगता येतो. पुस्तिका गटातील प्रत्येक विद्यार्थ्याची सराव गटातील प्रत्येक विद्यार्थ्याशी जोडी लावली, तर ४० गुणिले ४० म्हणजे १६०० जोड्या होतात. त्यांपैकी ८५० जोड्यांत सराव गटातील विद्यार्थी वरच्या पायरीवर आहे, ४२१ जोड्यांत पुस्तिका गटातील विद्यार्थी वर आहे आणि ३२९ जोड्यांत दोघे बरोबरीत आहेत. बरोबरीच्या निम्म्या जोड्या प्रत्येकाकडे धरल्यास सराव गटाच्या बाजूला १०१४.५ जोड्या येतात. हेच यू-मूल्य होय. त्यास १६०० ने भागले असता ०.६३ मिळतात. दोन्ही गटांतून एकेक विद्यार्थी यादृच्छिकपणे निवडला, तर सराव गटातील विद्यार्थी अधिक आत्मविश्वास दर्शवील अशी संभाव्यता, बरोबरी निम्मी धरून, ०.६३ आहे. फरक नसता तर ती ०.५० असती.

मान-व्हिटनी ही मध्यकांची तुलना करणारी चाचणी आहे, असे विधान अनेक क्रमिक पुस्तकांत आढळते. वरील उदाहरणात दोन्ही मध्यक समान असूनही चाचणी सार्थक आली, यावरून त्या विधानाची मर्यादा स्पष्ट होते. दोन्ही गटांच्या वितरणाचा आकार सारखाच असून एक वितरण केवळ पुढे सरकलेले आहे, असे गृहीत धरता येत असेल तेव्हाच तो फरक मध्यकांचा फरक म्हणून वाचता येतो. पाच पायऱ्यांच्या श्रेणीत असे गृहीत धरणे क्वचितच शक्य असते.

मात्र मान-व्हिटनी चाचणीलाही एक आंधळा कोपरा आहे. तिसऱ्या विभागातील 'क' आणि 'ख' गटांकडे पुन्हा पाहू. तेथील १०० जोड्यांपैकी ५० जोड्यांत 'ख' वर आहे आणि ५० जोड्यांत खाली. संभाव्यता बरोबर ०.५० येते आणि चाचणी 'फरक नाही' असे सांगते. प्रत्यक्षात एका गटात सर्व मुले मध्यावर आहेत आणि दुसऱ्यात निम्मी मागे राहिली आहेत. शिक्षकाच्या दृष्टीने हा फरक अत्यंत महत्त्वाचा आहे. प्रतिसादांची विभागणी दोन टोकांना होते का, हा प्रश्न असेल तर काय-वर्ग अथवा लहान नमुन्यासाठी फिशर यांची अचूक चाचणी अधिक योग्य ठरते. गटांतील विखुरणे बरेच भिन्न असूनही कल कोणत्या गटाचा वर आहे हेच तपासायचे असल्यास ब्रुनर आणि मुन्झेल यांनी २००० मध्ये सुचविलेली चाचणी उपयोगी पडते. सारांश, प्रश्न आधी आणि चाचणी नंतर.

६. जोडीबद्ध प्रदत्ते

कार्यशाळेपूर्वी आणि कार्यशाळेनंतर त्याच विद्यार्थ्यांची मते घेतली असतील, तर दोन्ही वेळची उत्तरे परस्परांशी निगडित असतात. अशा प्रदत्तांवर मान-व्हिटनी चाचणी वापरणे अयोग्य आहे, कारण ती स्वतंत्र गटांसाठी आहे. येथे सामान्यतः विल्कॉक्सन यांची चिन्हांकित क्रम चाचणी सुचविली जाते. रसायनशास्त्रज्ञ फ्रँक विल्कॉक्सन यांनी १९४५ मध्ये एकाच लेखात स्वतंत्र गटांसाठीची क्रमबेरीज चाचणी आणि जोड्यांसाठीची ही चाचणी अशा दोन्ही चाचण्या मांडल्या. पहिल्या चाचणीचा विस्तार मान आणि व्हिटनी यांनी १९४७ मध्ये केला.

चिन्हांकित क्रम चाचणीविषयी एक बाब विशेष ध्यानात घ्यावयास हवी. ती चाचणी आधीच्या व नंतरच्या अंकांतील वजाबाकी घेते आणि त्या वजाबाक्यांना क्रमांक देते. म्हणजे १ वरून ३ वर जाणे हे ४ वरून ५ वर जाण्यापेक्षा मोठे, आणि १ वरून २ वर जाणे हे ४ वरून ५ वर जाण्याइतकेच, असे ती गृहीत धरते. शुद्ध क्रमदर्शक प्रदत्तांत हे गृहीतक सिद्ध करता येत नाही. अप्राचल असूनही ही चाचणी अंतरांविषयी थोडे अधिक मागते. ज्यांना तेवढे गृहीत धरावयाचे नाही त्यांच्यासाठी साधी चिन्ह चाचणी उपलब्ध आहे. समजा, ३० विद्यार्थ्यांपैकी १६ जणांची पायरी वाढली, ५ जणांची घटली आणि ९ जणांची तीच राहिली. न बदललेले वगळून २१ पैकी १६ वाढ ही नाणेफेकीच्या नियमाने किती वेळा संभवते, एवढेच ही चाचणी पाहते. दोन्ही बाजूंचे पी-मूल्य ०.०२७ येते. फरकाची दिशा पुरेशी असते, आकाराची गरज लागत नाही.

व्यवहारात अडचण वेगळीच असते. अभिप्राय निनावी घेतल्यामुळे आधीचे कोणते उत्तर नंतरच्या कोणत्या उत्तराशी जोडायचे हेच कळत नाही. प्रश्नावलीवर नावाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला सांकेतिक क्रमांक लिहून घेतल्यास गोपनीयताही राहते आणि जोडीही लावता येते. ही काळजी संकलनापूर्वी घ्यावी लागते. नंतर कोणतीही चाचणी ती उणीव भरून काढू शकत नाही.

७. तीन व अधिक गट

तीन विद्याशाखांच्या विद्यार्थ्यांची तुलना करायची असल्यास क्रुस्कल आणि वॉलिस यांची १९५२ ची चाचणी वापरली जाते. ती मान-व्हिटनी चाचणीचाच अनेक गटांपर्यंत केलेला विस्तार आहे. ती सार्थक आली तर 'कोठेतरी फरक आहे' एवढेच कळते. कोणत्या दोन गटांत फरक आहे हे पाहण्यासाठी प्रत्येक जोडीवर स्वतंत्रपणे ०.०५ पातळीवर चाचणी घेणे धोक्याचे आहे. पाच गटांच्या दहा जोड्या होतात. दहा स्वतंत्र चाचण्या मानल्यास, प्रत्यक्षात कोठेही फरक नसताना निदान एक चाचणी सार्थक येण्याची संभाव्यता सुमारे ४० टक्के असते. म्हणून डन यांची १९६४ मधील पद्धत आणि तिच्यासोबत बॉनफेरोनी अथवा होम यांची दुरुस्ती वापरावी.

गटांनाही नैसर्गिक क्रम असेल, उदाहरणार्थ प्रथम, द्वितीय आणि तृतीय वर्ष, आणि वर्षागणिक आत्मविश्वास वाढत जातो अशी परिकल्पना असेल, तर टर्पस्ट्रा (१९५२) आणि जॉन्कहिअर (१९५४) यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी अधिक क्षमतेची ठरते. त्याच विद्यार्थ्यांनी तीन किंवा अधिक बाबींना पसंतीक्रम दिला असेल, तर अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ मध्ये मांडलेली चाचणी योग्य होय.

८. टी-चाचणी वापरूच नये काय?

रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये आपली मापन पद्धत मांडली तेव्हा त्यांना एकाच विषयावरील अनेक विधानांच्या गुणांची बेरीज अभिप्रेत होती. एकटे विधान आणि वीस विधानांची बेरीज यांत भेद करणे अगत्याचे आहे. विधाने एकाच घटकाचे मापन करतात हे विश्वसनीयता गुणांकासारख्या पुराव्याने दाखविले असेल, बेरजेच्या गुणांना पुष्कळ संभाव्य मूल्ये असतील आणि नमुना पुरेसा असेल, तर टी-चाचणी अथवा प्रचरण विश्लेषण वापरण्यास बहुसंख्य संशोधकांचा आक्षेप नसतो.

एकट्या विधानाच्या बाबतीत मात्र मतभेद आहेत. जेमिसन यांनी २००४ मध्ये क्रमदर्शक उत्तरांची सरासरी काढण्याच्या प्रथेवर टीका केली. नॉर्मन यांनी २०१० मध्ये प्राचल चाचण्या या उल्लंघनांना पुरेशा सहनशील आहेत, असे प्रतिपादन केले. लिडेल आणि क्रुश्के यांनी २०१८ मध्ये क्रमदर्शक प्रदत्तांना अंतरदर्शक मानल्याने खोटे फरक दिसणे, खरे फरक न दिसणे, इतकेच नव्हे तर फरकाची दिशा उलटणेही संभवते, असे दाखवून दिले. तक्ता क्र. १ मध्ये मध्यमाने २.८० आणि ३.४० येतात, टी-मूल्य २.१८ येते आणि निष्कर्ष मान-व्हिटनीप्रमाणेच निघतो. अनेकदा असेच घडते. उत्तरे एका टोकाला दाटली असतील किंवा गटांचे विखुरणे भिन्न असेल, तेव्हा मात्र दोहोंची फारकत होऊ शकते. विद्यार्थी अभिप्रायात 'उत्तम' आणि 'अतिउत्तम' याच पर्यायांवर गर्दी होत असल्याने ही स्थिती आपल्याकडे अपवादात्मक नाही.

लिंग, माध्यम, ग्रामीण-शहरी पार्श्वभूमी अशा अन्य घटकांचा प्रभाव वेगळा करून गटांची तुलना करायची असेल, तर मॅक्युला यांनी १९८० मध्ये विकसित केलेले क्रमदर्शक समाश्रयण प्रतिमान हा मार्ग आहे. एकाच चलानुसार केलेल्या मान-व्हिटनी चाचणीस ते काम जमत नाही.

९. निवडीचे सूत्र

तक्ता क्र. २ : अभ्यासाची रचना आणि योग्य चाचणी

| अभ्यासाची रचना | योग्य चाचणी |
|---|---|
| दोन स्वतंत्र गट, कल वर-खाली आहे का? | मान-व्हिटनी |
| दोन स्वतंत्र गट, वितरणात कोणताही फरक आहे का? | काय-वर्ग किंवा फिशर |
| तेच प्रतिसादक, आधी व नंतर | चिन्ह चाचणी; अंतरांची तुलना मान्य असल्यास विल्कॉक्सन चिन्हांकित क्रम |
| तीन वा अधिक स्वतंत्र गट | क्रुस्कल-वॉलिस व नंतर डन |
| क्रम असलेले तीन वा अधिक गट | जॉन्कहिअर-टर्पस्ट्रा |
| तेच प्रतिसादक, तीन वा अधिक बाबी | फ्रीडमन |
| अन्य चलांचे नियंत्रण आवश्यक | क्रमदर्शक समाश्रयण |

या सर्व चाचण्यांचे एक समान गृहीतक आहे : प्रत्येक प्रतिसाद (जोडीबद्ध रचनेत प्रत्येक प्रतिसादक) इतरांपासून स्वतंत्र असावा. एका प्राध्यापकाच्या वर्गातील ६० विद्यार्थ्यांचे अभिप्राय हे साठ स्वतंत्र पुरावे नसतात. ते एकाच व्यक्तीविषयी, एकाच वर्गखोलीतील अनुभवातून आलेले असतात. एक तुकडी एका पद्धतीने आणि दुसरी तुकडी दुसऱ्या पद्धतीने शिकवून केलेल्या तुलनेत पद्धतीचा फरक आणि तुकडीचा फरक वेगळा करता येत नाही, मग चाचणी प्राचल असो वा अप्राचल. ग्रंथालयाच्या उदाहरणात यादृच्छिक विभागणी आणि स्वतंत्र सराव यांचा उल्लेख याच कारणासाठी केला आहे.

१०. निष्कर्षांचे लेखन

शोधनिबंधात केवळ 'पी ०.०५ पेक्षा कमी' असे लिहिणे अपुरे आहे. पर्यायनिहाय वारंवारतेचा तक्ता, गटसंख्या, चाचणीचे मूल्य, पी-मूल्य आणि परिणामाचे परिमाण या पाच बाबी द्याव्यात. वरील उदाहरणाचे लेखन असे करता येईल : 'सराव गटाचा प्रतिसाद पुस्तिका गटापेक्षा वरच्या पातळीवर आढळला (यू = ५८५.५, दोन्ही गटांत प्रत्येकी ४० विद्यार्थी, झेड = २.१२, पी = ०.०३४, सराव गटातील विद्यार्थी वरचढ असण्याची संभाव्यता ०.६३).' संगणकाने पी-मूल्य ०.००० असे दाखविल्यास ते तसेच न उतरविता '०.००१ पेक्षा कमी' असे लिहावे, कारण पी-मूल्य शून्य नसते, ते केवळ तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेले असते. तसेच सार्थक फरक न आढळल्यास 'दोन्ही गट समान आहेत' असा निष्कर्ष काढू नये. फरक दाखविण्यास पुरावा अपुरा ठरला, एवढेच म्हणता येते.

११. समारोप

एसपीएसएस, आर किंवा जामोव्ही यांसारख्या प्रणालींमुळे कोणतीही चाचणी आज काही क्षणांत करता येते. त्यामुळे आकडेमोडीचे श्रम संपले, पण निवडीची जबाबदारी संपली नाही. संगणकास १ ते ५ हे अंक दिले की ते वजन आहे, पसंती आहे की विद्याशाखेचा सांकेतिक क्रमांक आहे, हे तो विचारत नाही. ते संशोधकानेच स्वतःस विचारायचे आहे. मापन कोणत्या श्रेणीतील आहे, गट स्वतंत्र आहेत की निगडित, आणि आपणास नेमका कोणता फरक जाणून घ्यायचा आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रश्नावली छापण्यापूर्वी लिहून ठेवली, तर चाचणीची निवड बहुतांशी आपोआप होते. मार्गदर्शकांनी संशोधन आराखडा मान्य करताना आणि परीक्षकांनी शोधनिबंध तपासताना ही तीन उत्तरे आवर्जून मागावीत. असे झाले तर ग्रंथालयाच्या सरावासारखा एखादा उपयुक्त उपक्रम केवळ अयोग्य चाचणीमुळे निरुपयोगी ठरण्याचा धोका टळेल.